विजू, नक्की कोणीच सांगितलं नाही

विजू,

तुझं तेरावं उरकून मी काल रोह्याला परत आले. घर झाडून घेतलं, दूध तापवलं, फ्रीजमधलं खराब झालेलं फेकून दिलं. मग खुर्चीत बसले आणि तुझ्यावर नीट रागवायला मला पहिल्यांदाच सवड मिळाली. पेणला तुझ्या घरी ते जमत नव्हतं. येणारा प्रत्येक जण तुझं कौतुक करत होता, तुझी बायको सुलभा चहा पुढे करत होती. त्यात बहिणीनेच उठून 'हा माणूस हट्टी होता' म्हणणं बरं दिसलं नसतं. इथे कोणी नाही, म्हणून आता म्हणते. तू हट्टी होतास.

संध्याकाळी कॅनडाहून माझ्या नातवंडांचा फोन आला. सईने विचारलं, "आजी, मामाआजोबांना नक्की काय झालं होतं? आईला विचारलं की ती रडते." निहार कॉलेजात संख्याशास्त्र शिकतो, त्याचा प्रश्न वेगळा. "डॉक्टरांना आधी कळलं नाही का? असल्या आजारात पुढे काय होणार हे सांगणारी मॉडेल्स असतात."

मी म्हटलं, लिहून पाठवते, क्रमाने. कागद पुढे ओढला आणि 'तुमचे मामाआजोबा' असं लिहिलं, तर तो कोणी दुसराच माणूस वाटायला लागला. तुझ्याविषयी तुझ्या पाठीमागे बोलणं मला अजून जमत नाही. तेव्हा मी तुझ्याशीच बोलते, मुलं बाजूला बसून ऐकतील. तू मध्ये तोंड घालणार नाहीस, तेवढीच एक सोय.

काही गोष्टी तुला माहीत आहेत, पण मुलांना नाहीत, त्या आधी सांगून टाकते. तुला हिपॅटायटिस बी आहे हे कळलं ते रक्तदान शिबिरामुळे. रामवाडीतल्या मंडळाने शिबिर ठेवलं होतं आणि तू हौसेने सगळ्यांच्या आधी जाऊन खाटेवर झोपला होतास. पुढे रक्तपेढीतून फोन आला, तुमचं रक्त वापरता येणार नाही, येऊन भेटा. "आदल्या दिवशी मी फक्त कोलंबी खाल्ली होती," असं तू मला घाबरून सांगितलंस. तिथे कळलं की हा विषाणू बहुधा जन्मापासूनच तुझ्या अंगात आहे, आईकडून आलेला. वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये गुपचूप बसून राहतो. आई तोवर गेली होती, तिला विचारायची सोय नव्हती. आम्हा सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. सुलभाला नव्हता, तुझ्या लेकीला, मंजिरीला, जन्मतःच लस दिलेली होती, मलाही नव्हता. मी शाळेत शिकवायची, इंग्रजी वाचायची, त्यावरून तू म्हणालास, "बघ, आईने तुला इंग्रजी दिलं नि मला हे." आपण दोघंही हसलो होतो. मला त्या हसण्याची अजून लाज वाटत नाही. तू असं काही बोललास की हसू यायचंच.

रोज एक गोळी, आणि ती आयुष्यभर. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं. गोळी विषाणूला मारत नाही, दाबून ठेवते. तू ते ऐकलंस आणि मला एकच अट घातलीस. "कारखान्यात बोलू नको हां. कळलं तर माझ्या हातचा चहा कोण पिणार नाय." गणपतीच्या कारखान्यात तुझ्या हाताखाली जोहे, हमरापूर, जिते इथली माणसं. त्यांच्यासमोर तू ती गोळी कधी घेतली नाहीस. घरी, सकाळी, देवाला दिवा लावताना घ्यायचास. दर वेळी फोनवर मी विचारायची, "गोळी घेतोस ना?" आणि तू म्हणायचास, "व्हय गो बाय, घेतो."

आता भांडणाचं. गेल्या दिवाळीआधी रक्त तपासलं, रिपोर्टात विषाणू आढळला नाही असं आलं. तू आम्हाला पेढे दिलेस आणि गुपचूप गोळी बंद केलीस. हे मला कळलं ते ज्येष्ठात, तू आजारी पडल्यावर. इस्पितळाच्या खाटेवरही तुझं मत ठाम होतं.

"रिपोर्टात काय लिहिलंय, ताई? आढळला नाय. मग गोळी कोणासाठी खायची?"

"गोळी खात होतास म्हणून तो आढळत नव्हता, विजू."

"मूर्ती सुटली की साचा बाजूला ठेवतात. मूर्तीच्या अंगावर घालून नाय ठेवत."

शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला. त्याला तुझंच पटलं असणार. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, आता सुचतं. माती ओली असताना साचा काढला तर सोंड खाली येते, हे तूच मला तुझ्या कारखान्यात दाखवलं होतंस. तुझी माती ओलीच होती. एवढं वाक्य मला वेळेवर सुचायला हवं होतं, कारण तुला माझी इंग्रजी पुस्तकं पटत नसत, मातीचं पटलं असतं.

आणि खरं कारण त्याच्याही मागचं होतं. ते सुलभाने सांगितलं. तुला वाटत होतं की गोळीमुळे तुझा हात हलतो. तुझं काम आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचं. बाकीची मूर्ती कोणीही रंगवील, स्प्रे मारील, दागिन्यांना सोनेरी लावील. डोळे मात्र तुझ्या कारखान्यात फक्त तू करायचास. श्वास धरून, एका दमात वरची पापणी, मग बुबुळ, मग शेवटी पांढरा ठिपका. सीझन तोंडावर आला होता आणि तुला ब्रशाचं टोक थरथरताना दिसलं. साठीला आलेला माणूस, दिवसभर चहा, जेवणाला वेळ नाही. हात हलायला आणखी काय लागतं? पण तू गोळी सोडून बघितलीस, तुला हात स्थिर वाटला, आणि तो तुझ्यापुरता पुरावा झाला. डॉक्टरला विचारलं नाहीस. मला विचारलं नाहीस. फोनवर मात्र 'व्हय गो बाय' चालूच ठेवलंस. विजू, याचा राग माझ्या मनातून जात नाही. तू खोटं बोललास म्हणून नव्हे. तू इतक्या सहज बोललास म्हणून.

ज्येष्ठात कारखान्यात पीतांबर रंगवायचं काम चाललं होतं. सगळीकडे पिवळा रंग, ट्यूबलाइटखाली माणसंही पिवळी दिसत होती. जित्याहून येणारा पांडू तुला म्हणाला, "मालक, डोळ्यात रंग गेला काय?"

"कुठला?"

"पिवळा. पीतांबराचा."

"स्प्रे मारतोस तू नि विचारतोस मला. नळी नीट धर."

तू डोळे धुतलेस आणि पुन्हा पाटावर बसलास. हे पांडूने मला तुझ्या दहाव्याला सांगितलं. परत परत सांगत होता. "मी परत बोलायला पाहिजे होतं, बाई." मी त्याला म्हटलं, तू बोललास, त्याने ऐकलं नाही. यात तुझं काही नाही.

तुझी भूक गेली. सुलभाने कोलंबीचं कालवण केलं आणि तू ताट सारलंस, तेव्हा ती घाबरली. मग तिने हमरापूरकडच्या एका बाईला बोलावलं, जी कावीळ उतरवते. आपल्याकडे निम्म्या घरांत हेच करतात. चुन्याचं पाणी हातांना चोळायचं, परातीत पडलेलं पाणी पिवळं होतं, दर खेपेला ते फिकं होत गेलं की कावीळ उतरली. तुझं पाणी फिकं होत होतं. शेजारीपाजारी येऊन परात बघून जात होते. "उतरते हां, उतरते." त्या बाईचा एक नियम होता, कावीळ उतरेपर्यंत बाकीची औषधं बंद. म्हणून सुलभाने तुला विचारलं, "मग तुमची ती रोजची गोळी?"

"ती दिवाळीपासून बंदच हाय," तू म्हणालास.

सुलभाने परात तशीच ठेवली आणि मला फोन केला. मी मिळेल त्या एसटीने निघाले. वडखळला गाड्यांची रांग लागलेली, तिथेच अर्धा जीव गेला. रामवाडीला उतरून घरात आले तर तू कॉटवर पडल्या पडल्या म्हणालास, "आली. शाळा भरली." तुझा चेहरा, तळहात, सगळं पिवळं होतं. मी तुला गाडीत घातलं तेव्हा तू कारखान्याकडे बघून मंजिरीला सांगत होतास की कोणाच्या मूर्तीचे डोळे आधी करायचे आहेत.

नवी मुंबईतल्या त्या मोठ्या इस्पितळात लिव्हरच्या डॉक्टर भेटल्या. तरुण बाई, शांत, सरळ बोलणारी. मी त्यांच्यावरही रागावलेली आहे, पण त्यांचा दोष कुठे ते मला दाखवता येत नाही, याचाच जास्त त्रास होतो. त्या म्हणाल्या, "काकू, गोळी अचानक थांबवल्यामुळे विषाणू उसळलाय. आजपासून औषध पुन्हा सुरू. विषाणू खाली येईल याची मला खात्री आहे. तोपर्यंत लिव्हर तग धरेल का, याची नाही."

"कधी कळेल?"

"आजचा आकडा फारसं सांगत नाही. तो कुठल्या बाजूला जातो ते बघायचं."

मग त्यांनी समजावलं. काविळीचं बिलिरुबिन, रक्त गोठायला लागणारा वेळ, किडनीची तपासणी, हे सगळं मिळून एक स्कोअर निघतो. तो एका हद्दीच्या पलीकडे गेला आणि चढतच राहिला तर लिव्हर बदलल्याशिवाय माणूस वाचणं कठीण. तो खालीच राहिला तर बऱ्याच जणांचं लिव्हर आपलं आपण सावरतं, मग ऑपरेशन उगाच होतं. आणि या दोन्हींच्या मधे एक पट्टा असतो, तिथे कोणालाच नीट सांगता येत नाही. तू नेमका त्या पट्ट्यात जाऊन बसलास. तुझं आयुष्यभर असंच होतं. दहावीतही तू ना पास ना नापास, एका विषयासाठी अडकून राहिला होतास.

मी रोजचे रिपोर्ट बघायची. एसजीपीटी नावाचा आकडा हजारांतून शेकड्यांत आला, तेव्हा मला हायसं वाटलं. सुलभा म्हणाली, "म्हणजे उतरतेय ना, ताई?" मी हो म्हणाले. डॉक्टरांनी मान हलवली. "तो आकडा लिव्हर किती जळतंय ते सांगतो. जळायला लाकूड कमी उरलं की आगही कमी होते. बिलिरुबिन चढतंय, रक्त गोठायला वेळ लागतोय. मला हे आवडत नाही." म्हणजे परातीतलं पाणी फिकं होत होतं तेही फसवं, आणि छापील कागदावरचा आकडा खाली येत होता तोही फसवा. मग माणसाने बघायचं तरी कशाकडे?

हेच मी काल निहारला विचारलं. तो म्हणाला, "आजी, मॉडेल शंभर जणांबद्दल सांगतं. त्यातला एक कुठे पडेल हे नाही सांगत."

"मग त्या एकाने काय करायचं?"

तो म्हणाला, "माहीत नाही, आजी." गुणी मुलगा आहे. उगाच काही बोलला नाही.

मंजिरीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की लागलं तर ती लिव्हर देईल. रक्तगट जुळत होता. तिची पनवेलला नोकरी चांगली चाललेली, लग्नाचं बोलणं सुरू. तुम्हा दोघांचं ते भांडण मला जसंच्या तसं आठवतं.

"बाबा, थोडंच घेतात. ते परत वाढतं."

"केस हायत का ते?"

"डॉक्टरच म्हणाल्या."

"डॉक्टर म्हणाल्या माझं आपोआप बरं होऊ शकतं. म्हणाल्या की नाय, ताई? तू होतीस तिथं."

"होऊ शकतं म्हणाल्या. होईल म्हणाल्या नाहीत."

"झालं तर. उद्या मी बरा झालो नि पोरीच्या पोटावर चीर फुकटची राहिली, तर ती चीर कोण पुसणार? तू?"

मंजिरी म्हणाली, "माझं पोट आहे, बाबा."

"तुझं पोट आम्ही भरलंय इतकी वर्षं. गप बस."

ती रडत हसली आणि बाहेर गेली.  त्या दिवशी तू हट्टी नव्हतास. तू बापासारखा बोलत होतास आणि तुझ्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. शेवटी आपलं असं ठरलं की डॉक्टरांनी नक्की सांगावं, मग तू अडवणार नाहीस. डॉक्टरांना मी ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "नक्की मला सांगता येणार नाही. पण एक आहे. त्यांना गुंगी यायला लागली, बोलण्यात गोंधळ दिसला, तर मी आकड्यांची वाट बघणार नाही. ती खूण सगळ्यात आधी कळायला हवी." लिव्हर थकलं की रक्तातली घाण मेंदूपर्यंत जाते, त्याचा सुरुवातीला पत्ता लागत नाही. म्हणून रोज सकाळी एक साधी परीक्षा असते. कागद द्यायचा आणि पाच टोकांची चांदणी काढायला सांगायची. रोजची चांदणी कालच्या चांदणीशी ताडून बघायची. वाकडी झाली, रेघ जुळली नाही, तर समजायचं.

पहिल्या दिवशी तू चांदणी काढलीस. दुसऱ्या दिवशी सिस्टर कागद घेऊन आली तर तू म्हणालास, "हे काय बालवाडीचं काम देता रोज? थांबा, तुम्हाला डोळा काढून देतो." आणि बॉलपेनने गणपतीचा डोळा काढलास. पापणीचा बाक, बुबुळ, कोपऱ्यातली ती बारीक रेघ. साध्या पेनाचा डोळा, पण तो बघत होता. सिस्टरने तो बाकीच्यांना नेऊन दाखवला. मग रोजचंच झालं. कोणी चांदणी मागेना, सगळ्यांना डोळाच हवा. "काका, आज माझ्यासाठी." तू राजासारखा उशीला टेकून डोळे वाटत होतास. मंजिरी रोज त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायची, 'बाबांचा आजचा डोळा'. कॅनडाहून सई लाल बदाम पाठवायची. एकदा नवा डॉक्टर चांदणी मागायला लागला तर मंजिरीनेच त्याला हसून सांगितलं, "त्यांना डोळाच काढू द्या ना. त्याने ते खूश असतात." तोही हसला. आम्ही सगळेच हसत होतो. डोळा इतका सरळ येतोय म्हणजे डोकं ठिकाणावर आहे, हे कोणालाही वाटेल.

मग एका सकाळी लिव्हरच्या त्या डॉक्टरांनी तुझ्या खाटेजवळचे ते कागद उचलून बघितले. एकेक डोळा. त्यांनी विचारलं, "चांदण्या कुठे आहेत?"

त्यांनी नवा कागद तुझ्यापुढे ठेवला. तू पेन धरलंस. एक रेघ काढलीस, दुसरी काढलीस, तिसरी भलतीकडे गेली. थांबलास. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंस. कागदावर काही तरी मोडकं छप्पर तयार झालं. तू त्याच्याकडे बघत राहिलास, रागाने, जणू ते दुसऱ्या कोणी बिघडवलंय. डॉक्टर म्हणाल्या, "काका, दोन्ही हात पुढे करा. एसटी थांबवायची असल्यासारखे." तू हात पुढे केलेस आणि पंजे आपोआप खाली पडायला लागले, वर यायला लागले, पुन्हा पडायला लागले. तू माझ्याकडे वळलास.

"बघ. गोळीमुळं. सांगत होतो की नाय."

माझ्याशी तू बोललेलं ते शेवटचं पूर्ण वाक्य. एवढ्या भांडणांनंतर शेवटचा शब्द तुझा राहिला, आणि तोही चुकीचा. मला त्याला उत्तर देता आलं नाही, कारण उत्तर ऐकायला तू पुरेसा जागा नव्हतास.

डॉक्टरांनी नंतर व्हरांड्यात सांगितलं की डोळा काढायला तुला जागं असायची गरजच नव्हती. इतक्या वर्षांत तो तुझ्या हातात जाऊन बसला होता, डोकं मागे पडलं तरी हात तो काढत राहिला असता. चांदणीची तुला सवय नव्हती, म्हणून चांदणीच हवी होती. त्यांनी कोणाला दोष दिला नाही. आपल्या हाताखालच्या सिस्टर-डॉक्टरांना मात्र त्यांनी बाजूला नेऊन काय सांगितलं ते काचेतून दिसत होतं.

ऑपरेशनचं ठरवायची वेळ आली तेव्हा सुलभा म्हणाली, "ताई, ह्यांनी नाय म्हटलं होतं."

मी म्हटलं, "डॉक्टरांनी नक्की सांगितलं तर अडवणार नाही असंही तो म्हणाला होता. याहून नक्की त्या काय सांगणार?"

 मंजिरीने सह्या केल्या, तपासण्या करून घेतल्या, सगळ्या चांगल्या आल्या. आणि तुला ताप चढला. छातीत जंतुसंसर्ग. डॉक्टर म्हणाल्या, हा उतरल्याशिवाय टेबलावर घेता येणार नाही. तो उतरला नाही. पुढचं मुलांना सांगण्यासारखं काही नाही.

कारखान्यात तुझ्या मूर्ती डोळ्यांवाचून उभ्या होत्या. लोकांनी आधीच सांगून ठेवलेल्या, चतुर्थीला घरी न्यायच्या. सुतक होतं, पण गणपती थांबत नाहीत. जोह्याच्या एका कारागिराने येऊन आखणी पुरी केली. चांगला माणूस, मन लावून केलं त्याने. मी बघायला गेले होते. डोळे तुझे नव्हते. जरा मोठे, जरा जास्त गोड. आपली मूर्ती बघायला आलेल्या एका बाई म्हणाल्या, "नेहमीसारखाच प्रसन्न झालाय हो." त्यांना फरक कळला नाही. मला त्या बाईचाही राग आला. वर्षानुवर्षं तू ज्या रेघेसाठी श्वास धरलास, ज्या रेघेसाठी गोळी सोडलीस, ती रेघ नाही हे कोणाला कळूसुद्धा नये?

तरी त्या डोळ्यांबद्दल मला एक कबूल करायचं आहे, आणि ते मी तुला कधी म्हटलं नाही. माझी नोकरी, माझी पुस्तकं, घरातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवायची माझी सवय, याची तू थट्टा करायचास आणि मी ऐकून घ्यायची. कारण तुझ्या कारखान्यात मी आले की पाटाशी बसून मी तासभर काही न बोलता बघत राहायची. मला इतकं गप्प बसवणारं दुसरं काही या जगात नव्हतं. त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे. आणि तेच शेवटी आम्हाला फसवून गेलं, यावर मला कोणाशी भांडता येत नाही. म्हणून तुझ्याशी भांडते.

आता मंजिरीचं.

तेराव्याच्या आदल्या दिवशी मी एकटी डॉक्टरांना भेटायला गेले. सुलभाला सांगितलं, बँकेत जाते. मी त्यांना सरळ विचारलं की आम्ही चांदण्या सोडल्या नसत्या, आधी कळलं असतं, ताप यायच्या आत ऑपरेशन झालं असतं, तर तो वाचला असता का? त्या म्हणाल्या, "कदाचित. कदाचित नाही. त्यांचे आकडे असे होते की दोन्ही घडलेलं मी पाहिलंय. काकू, मी तुम्हाला खोटा दिलासाही देणार नाही आणि खोटा दोषही नाही." मी त्यांचे आभार मानले. मला प्रामाणिक माणसं आवडतात. पण रिक्षात बसल्यावर वाटलं, यांच्याकडून एकदा तरी एक पूर्ण वाक्य मिळालं असतं तर बरं झालं असतं.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी, तेराव्याची पंगत उठल्यावर, मंजिरी माझ्या ताटाशी येऊन बसली. तू गेल्यापासून ती धड जेवली नव्हती. पानात वाढलेलं चिवडायची आणि उठायची. सुलभा माझ्याकडे बघायची, मी सुलभाकडे. मंजिरी खालच्या आवाजात म्हणाली, "आत्या, तुला एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"मीच म्हटलं होतं, डोळाच काढू द्या. मी तसं म्हटलं नसतं तर बाबा वाचले असते का?"

सई, निहार, तुम्ही दोघं आजीला ओळखता. मी तुमच्या शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा व्हिडिओ कॉलवर सोडत नाही. मुलांना जे खरं तेच सांगावं असं मी शाळेत तीस वर्षं वागले. आणि खरं काय ते मी आदल्याच दिवशी त्या डॉक्टरांकडून ऐकून आले होते. कदाचित. कदाचित नाही.

मी म्हटलं, "नाही."

"नक्की?"

"नक्की. मी डॉक्टरांना विचारून आले. आधी कळलं असतं तरी तो वाचला नसता. त्याने गोळी सोडली तेव्हाच ते ठरलं होतं. तुझ्या बोलण्याने काही बदललं नाही."

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मी वर्गात पोरांकडे बघायची तशी तिच्याकडे बघितलं, पापणी न हलवता. मग ती रडली, बराच वेळ. सुलभा आत आली, वरणभात कालवून तिने मंजिरीपुढे ठेवला. तिने तो संपवला आणि पुन्हा मागितला.

मुलांनो, मंजूमावशी तुम्हाला कधी विचारेल तर आजी जे म्हणाली तेच तुम्ही म्हणायचं. निहार, तू विशेषतः. हे पत्र तिला दाखवायचं नाही.

आणि विजू, तुझ्याशी मी आयुष्यभर पुराव्यानिशी भांडले. या एका वाक्याला माझ्याकडे पुरावा नाही, आणि ते मी मागे घेणार नाही. तुला पटत नसेल तर राहू दे.